मोपेडची मंद चाल : बिघाड व उपाय

इब्रामपूरसारख्या गावात दुचाकी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. पेडण्याला कचेरीत जायचे असो, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात माल न्यायचा असो, की काजूच्या दिवसांत डोंगरउतारावरची बोंडे घरी आणायची असोत, गाडी चालू तर घर चालू, अशीच पुष्कळांची स्थिती आहे. त्यातही जुन्या टू-स्ट्रोक मोपेड अजून कित्येक घरांत टिकून आहेत. अशा गाडीची एक तक्रार आमच्या कानांवर वारंवार येते. पळताना ती बरी पळते. परंतु हातातली मूठ सोडली, की दोन आचके देऊन बंद पडते. या तक्रारीची कारणमीमांसा करावी व घरच्या घरी काय करता येते ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मध्यंतरी पावसाळा संपल्यावर आमचा एक विद्यार्थी अशीच गाडी ढकलीत आमच्या दारी आला. म्हणाला, “सर, बाबा म्हणतात ही आता भंगारात घालूया. नवा कार्बोरेटर घालायला पैसे नाहीत.” कार्बोरेटर बदलावा लागेल असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. त्या गाडीवरच त्याच्या वडिलांची रोजची फेरी अवलंबून होती. आम्ही विचारले, “गाडी किती दिवस उभी होती?” “मिरगापासून, सर.” या उत्तरातच अर्धे निदान होते.

मोपेड आपल्या देशात घरोघरी पोचली ती १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीने लुना बाजारात आणल्यापासून. इटलीतील पियाज्जो कंपनीच्या चाव या छोट्या गाडीवरून ती बेतलेली होती. १९८० साली दक्षिणेतून टीव्हीएस-५० आली. वजनाला हलकी, चालवायला सोपी, क्लच व गिअर यांचा त्रास नाही. त्यामुळे शिक्षक, पोस्टमन, दूधवाले या सर्वांची ती झाली. आता टू-स्ट्रोक मोपेड नव्याने तयार होत नाहीत, आणि २०२४ साली लुना पुन्हा आली ती विजेवर चालणारी. तिला कार्बोरेटरच नाही. म्हणून जुन्या गाडीची विद्या ज्याची त्यानेच जपली पाहिजे.

कार्बोरेटरचे काम हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण करणे हे होय. त्याच्या तळाच्या वाटीत पेट्रोल साठते. पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा जसा नळ बंद करतो, तसा वाटीतला फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. हवेचा मार्ग मध्ये अरुंद केलेला असतो. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो व दाब घटतो, हे इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी याने १७९७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले आहे. दाब घटला की वाटीतले पेट्रोल जेटमधून वर चढते आणि अत्तराच्या फवाऱ्याप्रमाणे हवेत मिसळते. वजनाने पाहिल्यास एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा लागते. मंद चालीत पेट्रोलचा अंश थोडा अधिक लागतो.

मूठ सोडली की हवेचा मार्ग जवळजवळ बंद होतो. मग मुख्य जेटमधून पेट्रोल ओढण्याइतका वेग हवेला राहत नाही. म्हणून पुष्कळ कार्बोरेटरांत मंद चालीसाठी निराळा, अतिशय बारीक छिद्राचा स्लो जेट ठेवलेला असतो. काही अगदी लहान कार्बोरेटरांत तो नसतो. तेथे एकाच जेटवर सारा भार पडतो. कसेही असले तरी छिद्र इतके सूक्ष्म असते, की कचऱ्याचा एक कणदेखील ते बुजवू शकतो. मोठ्या चालीत गाडी ठीक आणि मंद चालीत बंद, याचे रहस्य हे असे आहे.

आता एक महत्त्वाची गोष्ट. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर जाताना त्याखालच्या क्रँककेसमध्ये मिश्रण ओढले जाते, आणि खाली येताना तेच मिश्रण सिलिंडरात ढकलले जाते. इंजिनाला निराळे वंगण नसते; पेट्रोलात मिसळलेले टू-टी तेलच पिस्टनला व बेअरिंगला मिळते. त्यामुळे कोठूनही चोरून हवा आत शिरली, तर पेट्रोल कमी पडते, त्याबरोबर तेलही कमी पडते आणि इंजिन तापते. अशा स्थितीत स्क्रू पिळून चाल वाढविणे म्हणजे ताप मोजण्याचे यंत्र फोडून रोग्याला बरा समजणे होय.

हे आम्ही स्वतःच्या चुकीने शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आमच्या मोपेडची चाल बसत नव्हती. आम्ही रोज स्क्रू थोडा थोडा पिळीत राहिलो. कार्बोरेटर व इंजिन यांमधला रबरी जोड चिरला होता, तिकडे पाहिलेच नाही. आठ-दहा दिवसांनी एका लांब चढावर पिस्टन सीझ झाला आणि बोअर करण्यास अर्धा पगार गेला. दुसरा धोका याहून मोठा आहे. या गाड्यांचा क्लच इंजिनाच्या वेगानेच आपोआप धरतो. चाल फार वाढविली, तर स्टँडवरून उतरविताच गाडी पुढे सरकू लागते. अंगणात पोर उभे असले तर काय अनर्थ होईल, याची कल्पना वाचकांनी करावी. म्हणून आमचा नियम असा आहे : स्क्रूला हात सर्वांत शेवटी.

क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. प्रथम पेट्रोल. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत पेट्रोलचा हलका भाग उडून जातो व चिकट राळ जेटमध्ये बसते. हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषते, पाणी फार झाले तर पेट्रोलापासून निराळे होऊन तळाशी बसते, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. आपल्याकडच्या पावसात हा त्रास अधिक. सबब गाडी दीर्घकाळ ठेवायची असेल, तर टाकी व वाटी रिकामी करावी. तेल कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच घालावे. ते लिटरला साधारणतः २० ते ४० मिलिलिटर असते.

दुसरा प्लग. तो काढून पाहावा. ओला व काळा असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त होत आहे. पांढराफटक असेल तर हवा जास्त. तिसरा एअर फिल्टर. डिचोलीकडच्या खाणींच्या वाटांवर किंवा आमच्या तांबड्या मातीच्या रस्त्यांवर तो लवकर कोंदतो, आणि मग मिश्रणात पेट्रोल फार होते. चौथी एक्सिलरेटरची केबल. तिला किंचित ढील हवी, व हँडल वळविले असता चाल बदलू नये. चोक पूर्ण उघडतो की नाही, तेही पाहावे.

पाचवा कार्बोरेटर. तो उघड्यावर, चुलीपासून व विडीपासून दूर, पसरट भांड्यावर धरून खोलावा. पेट्रोल तोंडाने कधीही ओढू नये. जेट धुऊन सायकलच्या पंपाने हवा मारावी. छिद्रात तार घालू नये, कारण तारेने छिद्र मोठे होते. गरीची बारीक नायलॉन दोरी चालते. फ्लोटमध्ये पेट्रोल शिरले आहे काय, हे कानाशी हलवून कळते. सहावी चोरटी हवा. गाडी चालू ठेवून जोडावर बाहेरून ग्रीस थापावे. चाल लगेच बदलली तर गळती तेथेच आहे. सारे करूनही मूठ सोडल्यावर इंजिन भरकटत असेल, तर क्रँकची सीले गेली असण्याचा संभव आहे. ते काम गॅरेजचे. सायलेन्सरात साचलेली काजळीही याच वेळी काढून घ्यावी.

एवढे झाल्यावरच स्क्रू. गाडी पाच-दहा मिनिटे चालवून इंजिन तापवावे. हवेचा स्क्रू असल्यास तो हळूच पूर्ण आत नेऊन सुमारे दीड फेरा बाहेर काढावा, मग पाव पाव फेरा फिरवून इंजिन जेथे सर्वांत सुरळीत चालते तेथे सोडावा. शेवटी चालीचा स्क्रू असा ठेवावा, की इंजिन बंद पडणार नाही व मागचे चाक ओढले जाणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या, तर गुण कोणत्या उपायाचा हे कळत नाही. धूर-तपासणीतही कार्बन मोनॉक्साइड मंद चालीतच मोजतात, तेव्हा हा श्रम तेथेही फळास येतो.

त्या विद्यार्थ्याच्या गाडीत स्लो जेट राळेने बुजला होता आणि रबरी जोडाला केसाएवढी चीर पडली होती. जेट त्याने आपल्या हातांनी साफ केला. जोड दुसऱ्या दिवशी म्हापशाहून आणला. गाडी सुरू झाली, तेव्हा त्याने मूठ सोडली आणि कितीतरी वेळ तो नुसता ऐकत उभा राहिला. इंजिन संथपणे चालत होते. त्या वर्षी काजूची बोंडे त्याच गाडीवरून घरी आली. आता गावात कोणाची मोपेड अडली, की आमच्याआधी त्यालाच हाक जाते. शिक्षकाला याहून अधिक काय हवे?