भुईमुगाला भरखत आणि वरखत



औंधचा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. डोंगरउताराची राने हलकी, मुरमाड. पाऊस थोडा आणि तोही लहरी. अशा रानात भुईमुगाला शेणखत घालावे की पोत्यातले खत, हा वाद पारावर नेहमीचाच. पण ही दोन खते एकमेकांची वैरी नव्हेत. दोघांची कामे निराळी आहेत.

शेणखत हे भरखत. टनभर शेणखतात नत्र जेमतेम पाच किलो. मग ते घालायचे कशाला? तर ते माती भुसभुशीत करते आणि ओल धरते. भुईमुगाच्या आऱ्या मातीत शिरतात तेव्हाच शेंगा धरतात. घट्ट जमिनीत त्या शिरणार कशा? शिवाय वरखत मुळांना पोचते ते ओलीत विरघळूनच. ओल टिकली नाही, तर उसनवारीने आणलेले पोते वाया गेले म्हणून समजा.

उलट, नुसत्या शेणखतावर स्फुरदाची गरज भागत नाही. तेलबियांना गंधकही हवे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के असते. जोडीला गंधक आणि कॅल्शियमही मिळते.

युरियाला मात्र हात आखडता घ्या. भुईमुगाच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात. युरिया जादा झाला की गाठी कमी धरतात आणि नुसता पाला माजतो.

आता प्रमाण. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद अशी आहे. एकरी हिशेबाने युरिया सुमारे २२ किलो आणि सिंगल सुपर फॉस्फेट १२५ किलो. हे पेरणीच्या वेळी द्यावे. त्याआधी चांगले कुजलेले शेणखत एकरी चार टन पसरावे. कच्च्या शेणाने हुमणी वाढते. जिप्सम एकरी १६० किलो: निम्मे पेरणीला, निम्मे आऱ्या सुटताना. कारण वाढती शेंग आपले कॅल्शियम भोवतालच्या मातीतूनच घेते. ते कमी पडले की शेंगा पोचट राहतात.

गुरुजी, शाळेच्या बागेत दोन वाफे करा. एकात दोन्ही खते, दुसऱ्यात नुसते वरखत. दीड महिन्याने एकेक रोप अलगद उपटून गाठी मोजा. गाठ आतून गुलाबी असेल, तर ती काम करते आहे. पाऊस उघडला की कोणता वाफा आधी माना टाकतो, ते मुलांना वहीत लिहू द्या. ती वही घरी गेली, म्हणजे पारावरचा वाद मिटवायला आणखी कोणी नको.