शगायाचे ऊन आणि गावाकडचे गायरान

कुवेत शहराच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर शगाया येथे वक्र आरशांच्या रांगा उभ्या आहेत. ते आरसे उन्हाने तेल तापवितात, ती उष्णता वितळलेल्या क्षारांत साठते आणि सूर्यास्तानंतरही वीज मिळत राहते. हा संच ५० मेगावॉटचा. जोडीला सौर पॅनेल व पवनचक्क्या प्रत्येकी १० मेगावॉटच्या. आम्हां तंत्रज्ञांना याचे कौतुक वाटणे स्वाभाविकच. परंतु आरशांवरील धूळ धुण्यास लागणारे गोडे पाणी या देशात समुद्राचे पाणी शुद्ध करून मिळते, आणि ते शुद्धीकरण तेल व वायू जाळूनच चालते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

२०३० पर्यंत १५ टक्के वीज अक्षय स्रोतांतून, असे उद्दिष्ट कुवेतने २०१२ साली जाहीर केले. येथील नागरिकांना १९६६ पासून वीज २ फिल्स युनिट दराने मिळते. मग भिंतींच्या उष्णतारोधनाची चिंता कोण करणार? जून २०२४ मध्ये मात्र या तेलसंपन्न देशातही भारनियमन झाले.

२१ जुलै २०१६ रोजी येथील मित्रीबा केंद्रावर ५३.९ अंश तापमान नोंदले गेले. उन्हाळ्याचे तीन महिने सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करविण्यास बंदी आहे. तेवढ्या वेळात कामगार जातो कोठे? खोलीवर. १२ जून २०२४ च्या पहाटे मंगाफ येथील कामगारांच्या इमारतीत आग लागून सुमारे ५० माणसे गेली, त्यांतील ४५ भारतीय. कारण विजेचा शॉर्टसर्किट. खोल्यांमधील ज्वालाग्राही आडोशांनी आग पसरविली, असेही अधिकाऱ्यांनी सांगितले. शाश्वत बांधकामाच्या चर्चेत काचेचे मनोरे येतात; ही खोली आमच्या मते त्याआधी यावयास हवी.

१९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे विजेचेही खाते होते. स्वस्त व मुबलक वीज त्यांना हवी होती ती उद्योगीकरणासाठी, आणि उद्योगीकरण हवे होते ते दारिद्र्यातून सुटकेसाठी. वीज किती, याइतकाच ती कोणासाठी, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

हाच प्रश्न आज महाराष्ट्रात वेगळ्या रूपाने उभा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतकऱ्यास दिवसा वीज मिळते; रात्री साप-विंचवांच्या भीतीत पाणी देणे टळते. योजना चांगलीच आहे. पण तिच्यासाठी शासकीय जमीन लागते, त्यात गायरानही येते. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ व १९६४ साली भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले, ते अशाच पडीक शासकीय जमिनींसाठी. १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. तरीही कित्येकांच्या नावे आजवर सातबारा झालेला नाही. कसणारा कागदावर नसला की जमीन 'रिकामी' ठरते.

यंदाच्या सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी तलाठ्याकडे गाव नमुना १-ई पाहून यावा. आपल्या माणसांच्या वहिवाटीची नोंद त्यात आहे की नाही, हे ग्रामपंचायतीचा ठराव होण्यापूर्वी कळलेले बरे.