‘कॅर’चे चिन्ह आणि आज्ञावलीचे स्थलांतर

एका यंत्रावर निर्वेधपणे चालणारी आज्ञावली दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर नेताच कंपायलरने नाकारावी, हा अनुभव आपल्या विभागासही आला. सी++ मध्ये लिहिलेली शब्दगणनेची एक आज्ञावली इंटेलच्या धर्तीच्या यंत्रांवर कित्येक वर्षे वापरात होती. एआरएम प्रोसेसरच्या लिनक्स यंत्रावर ती अडली. तक्रार एवढीच की, वर्णवर्गांच्या कोष्टकातील ‘उणे एक’ ही संख्या ‘कॅर’ या प्रकारात मावत नाही. मूळ संहितेत तर कानामात्रेचाही फरक झालेला नव्हता. मग दोष आला कोठून?

‘कॅर’ म्हणजे एक बाइट. आठ बिटांच्या बाइटमध्ये २५६ मूल्ये मावतात. परंतु ती -१२८ ते १२७ अशी मोजावयाची की ० ते २५५ अशी, हे सी भाषेच्या १९८९ च्या अमेरिकन मानकाने ठरविले नाही. तो निर्णय कंपायलरवर सोपविला. यास इतिहास आहे. सी भाषा ज्या पीडीपी-११ यंत्रावर वाढली, तेथे बाइट रजिस्टरमध्ये घेताना चिन्हही विस्तारले जाई. प्रारंभीच्या एआरएम प्रोसेसरांत मात्र चिन्हासह बाइट उचलण्याची आज्ञाच नव्हती. ती चौथ्या आवृत्तीत आली. त्यामुळे तेथे चिन्हरहित ‘कॅर’ सोयीचा ठरला व लिनक्सवर ती रूढी टिकली. ॲपलने एआरएमवरही चिन्हयुक्त ‘कॅर’ ठेवला आहे. यावरून हा भेद अखेर संकेताचा आहे हे उघड होते. पुढे सी++ च्या २०११ च्या मानकाने, महिरपी कंसातील स्थिर मूल्य प्रकारात मावत नसल्यास ती चूक ठरविली. आपली आज्ञावली अडली ती या नियमामुळे.

भाषाभ्यासकास यात अपरिचित असे काही नाही. ‘चार’ व ‘चाक’ या शब्दांतील ‘च’चे उच्चार भिन्न आहेत, लिपी तो भेद नोंदवीत नाही, वाचक तो आपल्या बोलीनुसार भरून काढतो. ‘कॅर’ची गतही हीच आहे.

तक्रार दडपण्याची सोय कंपायलरमध्ये आहे. परंतु तसे केल्यास उणे एकचे २५५ होतात व पुढे ‘उणे एक आहे काय?’ या प्रश्नास होकार कधीच मिळत नाही. याहूनही घातक दोष त्याच आज्ञावलीत निमूटपणे दडला होता. यूटीएफ-८ मध्ये ‘क’ हे अक्षर २२४, १६४, १४९ या तीन बाइटांनी लिहिले जाते. चिन्हयुक्त ‘कॅर’मध्ये हेच -३२, -९२, -१०७ असे वाचले जातात. ‘बाइट शून्याहून लहान असल्यास तो देवनागरीचा’ अशी कसोटी तेथे होती. एआरएमवर ती कधीच पूर्ण झाली नसती, आणि सर्व मराठी शब्द गणनेतून गळाले असते; तेही कोणतीही चूक न दाखविता.

सर्व ‘कॅर’ चिन्हयुक्त मानावेत असा पर्याय कंपायलरला देता येतो. पण तो संहितेबाहेर राहतो व पुढील अभ्यासकास ठाऊक नसतो. योग्य उपाय असा की, कोष्टकाचा प्रकार ‘साइन्ड कॅर’ असा स्पष्ट लिहावा आणि बाइटची कसोटी ‘अनसाइन्ड कॅर’ करून, १२७ हून मोठा आहे काय, अशी घ्यावी. आम्ही तेच केले, व एकच मजकूर दोन्ही यंत्रांवर मोजून निष्कर्ष ताडून पाहिले. कंपायलरचा नकार हा येथे अडथळा नसून इशारा होता; तो मिळाला नसता, तर चुकीचे आकडे प्रबंधात गेले असते.