चाळीस घरे, चार एकर

आपल्या समाजाला जमीन सहजासहजी मिळालेली नाही. महार वतनाचे जोखड मोडावे म्हणून परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात विधेयक आणले, पण वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. आयाबहिणी लेकरांसह तुरुंगात गेल्या. पुढे २००४ साली दादासाहेबांच्याच नावाने शासनाने योजना काढली. तीत अनुसूचित जाती व नवबौद्धांतील दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन देण्याची तरतूद झाली.

पण जमीन मिळणे ही अर्धी लढाई आहे. मालाला दाम मिळाला नाही तर सातबारावर नाव आपले राहते आणि शेत दुसऱ्याच्या बटाईला जाते. बाबासाहेबांनी १९१८ सालच्या आपल्या निबंधात दाखवून दिले होते की, शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यात भांडवल आणि अवजारे किती घालता येतात, यावर ते ठरते. हे भांडवल सावकाराकडून आणायचे की रास्त दामातून उभे करायचे, हाच आजचा प्रश्न आहे.

रिझर्व्ह बँकेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ग्राहकाच्या रुपयातले शेतकऱ्याच्या हाती टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६ पैसे आणि बटाट्यात ३७ पैसे पडतात. बाकीचे वाहतूक, हमाली, नासाडी आणि मधल्या हातांचा नफा यांत जातात. ही साखळी आखूड करण्याची वाट मोकळी आहे. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने फळे-भाजीपाला बाजार समितीबाहेर विकण्याची मुभा दिली आणि शेतकरी आठवडे बाजारही सुरू केले.

आमची सूचना साधी आहे. शहरातील प्रत्येक विहार समितीने गावाकडच्या आपल्या एखाद्या शेतकरी कुटुंबाशी नाते जोडावे. सुरुवात भाजीने करू नये, ती नासते. तूरडाळीने करावी, ती टिकते.

हिशेब मांडून पाहू. एका घराला वर्षाला २० किलो डाळ धरली, तर ४० घरांना ८०० किलो लागेल. क्विंटलभर तुरीची साधारण ७० किलो डाळ पडते, म्हणजे सुमारे साडेअकरा क्विंटल तूर हवी. जिरायतीत एकरी तीन-चार क्विंटल उतरली, तर तीन-चार एकरांचे पीक झाले. म्हणजे विहाराभोवतीची चाळीस घरे मिळून एका कुटुंबाची सगळी तूर घेऊ शकतात!

डाळ भरडण्याचे काम गावातील महिला बचत गटाने घ्यावे, म्हणजे ती मजुरीही घरातच राहील. भाव आधी ठरवावा. त्या दिवशीचा बाजार समितीचा भाव आणि किराणा दुकानातला भाव पाहून मधला आकडा धरावा. भरडाई आणि गाडीभाडे वेगळे लिहावे. उधारी नको, भावकीतही नको. वही दोन भगिनींनी सांभाळावी आणि महिन्याला विहारात वाचून दाखवावी. मापात मारणे हा दुसऱ्या शीलाचा भंग आहे, तसाच ठरलेला पैसा थकवणे हाही.

एके काळी विटाळाच्या नावाखाली आपल्या माणसाच्या हातचे दूध-भाजी कुणी घेत नसे. विकायचा मार्गच बंद, मग पिकवून करायचे काय? तो मार्ग आज आपणच एकमेकांसाठी उघडू शकतो. स्वच्छ माल, चोख माप आणि रोख पैसा असेल तर पुढे इतर वस्त्यांतील ग्राहकही येतील.

नवी तूर डिसेंबर-जानेवारीपासून निघू लागते. त्याआधी आपल्या विहारात एक बैठक घ्या, घरांची यादी करा आणि गावाकडे निरोप धाडा. दादासाहेबांच्या सत्याग्रहाने मिळालेले शेत टिकवण्याचे काम आता आपल्या स्वयंपाकघरातूनही होऊ शकते.

जयभीम!