किरणोपचार, त्वचा आणि कोरफड

कर्करोगावरील किरणोपचार चालू असता त्वचेवर जी लाली, खाज वा ओलसर सोलवट दिसते, तीस किरणजन्य त्वचादाह म्हणतात. हा उष्णतेने भाजल्याचा व्रण नव्हे. किरणांमुळे मूलस्तरातील (नव्या पेशी घडविणाऱ्या तळच्या थरातील) पेशींना इजा पोहोचते, आणि रोपवाटिकेतील रोपे मेली तरी शेतातील उभे पीक जसे काही काळ हिरवेच दिसते, त्याप्रमाणे वरची त्वचा झिजेपर्यंत, म्हणजे बहुधा दोन-तीन आठवडे, ही हानी नजरेस येत नाही.

यास्तव कोरफडीचा गर थंडावा देतो म्हणून तो हा दाह टाळतोच, हा समज स्वाभाविक असला तरी यथार्थ नाही. तुलनात्मक चाचण्यांतून तसा खात्रीलायक पुरावा मिळालेला नाही. कोरफडीखेरीज दुसऱ्या एका वनस्पतीबाबतचे निष्कर्षही संमिश्र आहेत. फ्रान्समध्ये २५४ स्तनाचा कर्करोग असलेल्या स्त्रियांवर झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅलेंड्युला या फुलझाडाच्या मलमाने मध्यम वा तीव्र दाहाचे प्रमाण ४१ टक्के राहिले, तर तुलनेसाठी ट्रोलामाइन हे दुसरे मलम लावणाऱ्यांत ते ६३ टक्के होते. तथापि स्वीडनमधील पुढील चाचणीत कॅलेंड्युला साध्या स्निग्ध मलमाहून सरस ठरले नाही.

तात्पर्य, असे पूरक उपचार (मुख्य उपचारासोबत घ्यावयाचे) किरणोपचारतज्ज्ञांच्या अनुमतीनेच घ्यावेत, सोललेल्या त्वचेवर घरगुती लेप लावू नयेत, कोमट पाणी व सौम्य साबणाने हळुवार स्वच्छता राखावी आणि दाहाच्या भीतीने मूळ उपचार कदापि परस्पर थांबवू नये.