करवाढीचं गणित आणि त्यातली उपाधी

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे. राज्य सरकार वाहतुकीवर एखादा कर सुचवतं, तेव्हा त्याचा परिणाम काय होईल हे आधीच मोजलं जातं. ते कसं मोजतात आणि त्या मोजणीवर आपण किती विसंबायचं, हे आज पाहू. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने यात का पडावं, असं कुणी विचारेल. उत्तर सोपं आहे. असं प्रत्येक गणित म्हणजे एक अनुमान असतं, आणि अनुमान तपासणं हे आमचं जुनंच काम आहे.

अनुमानाचं ठरलेलं उदाहरण धूर आणि अग्नीचं. कोराडीत ते द्यायला लांब जावं लागत नाही, वीज केंद्राच्या चिमण्या समोरच आहेत. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे बरोबर. पण ते उलटं करून 'जिथे अग्नी तिथे धूर' म्हटलं तर? नैयायिक म्हणतात, चूक. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीतून धूर निघायला ओलं इंधन लागतं. ही जी न सांगितलेली अट आहे, तिला न्यायशास्त्रात 'उपाधी' म्हणतात. आजचं आपलं म्हणणं एवढंच की, कराच्या प्रत्येक भाकितात अशी एक उपाधी लपलेली असते. ती शोधली की निम्मं काम झालं.

प्रस्ताव काय होता

हवेत बोलायला नको, एक खरा प्रस्ताव घेऊ. १० मार्च २०२५ रोजी अजित पवारांनी २०२५-२६चा राज्य अर्थसंकल्प मांडला. त्यात मोटार वाहन कराचे काही बदल होते. सीएनजी-एलपीजीवरच्या खासगी चारचाकींचा कर एक टक्का वाढवायचा, त्यातून सुमारे १५० कोटी. कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये करायची, त्यातून सुमारे १७० कोटी. बांधकामाच्या क्रेन, कॉम्प्रेसर वगैरे वाहनांवर किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर, त्यातून १८० कोटी. साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांवरही तसाच ७ टक्के एकरकमी कर, त्यातून ६२५ कोटी. शिवाय ३० लाखांच्या वरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर.

यातला सगळ्यात मोठा आकडा कुठला, बघा. महागड्या मोटारींचा नाही, टेम्पोचा आहे. म्हणून आपण तोच तपासू.

पहिला प्रश्न: हा पैसा नवा आहे की पुढचाच आधी आलेला?

दरवर्षी थोडा थोडा भरायचा कर एकदम घेतला, तर पहिल्या वर्षी तिजोरीत मोठी रक्कम दिसते. पण त्या गाडीकडून पुढच्या वर्षांत जे येणार होतं, ते आता येणार नाही. वर्षभराचं दूध आजच विकल्यासारखं आहे हे. म्हणजे ६२५ कोटींतला काही भाग खरी वाढ आणि काही भाग नुसता कालबदल. एका वर्षाचा ताळेबंद हा फरक दाखवत नाही, दहा वर्षांचा दाखवतो. इथली उपाधी आहे काळ. 'महसूल वाढेल' हे वाक्य कानावर आलं की विचारायचं, किती वर्षांच्या हिशेबात?

दुसरा प्रश्न: लोक आहेत तसेच वागतील का?

शाळेतलं गणित सांगतं, दर गुणिले विक्री म्हणजे महसूल. समजा, लिटरमागे कर २० रुपये आहे आणि विक्री १०० लिटर. महसूल २,००० रुपये. कर २२ केला तर कागदावर २,२०० होतात. पण त्यामुळे विक्री ९५ लिटरवर आली तर हातात २,०९० येतात. ९० वर आली तर १,९८०, म्हणजे आधीपेक्षाही कमी.

विक्री किती घटेल हे ठिकाणावर अवलंबून असतं. मुंबईतला माणूस पेट्रोल भरायला परराज्यात जाणार नाही. पण सावनेरच्या रस्त्याने निघालं की मध्य प्रदेशची हद्द आपल्याला फार दूर नाही. लांब पल्ल्याचा ट्रकवाला टाकी कुठे भरायची, हे दोन राज्यांतले दर पाहून ठरवतो. गाडीची नोंदणी कुठे करायची, याचाही काही जण तसाच विचार करतात. मुंबईसाठी बरोबर ठरलेलं प्रतिमान, ज्याला आपण मॉडेल म्हणतो, ते सीमेवरच्या तालुक्यात चुकू शकतं.

यात आणखी एक बारकावा आहे, आणि तो १८४४ साली ज्यूल द्यूपुई या फ्रेंच अभियंत्याने पुलांच्या पथकराचा विचार करताना दाखवला. पथकर भरून जे पूल ओलांडतात, त्यांचा पैसा कुणाच्या तरी हिशेबात जमा होतो. पण पथकरामुळे ज्यांनी पूल ओलांडलाच नाही, त्यांचं नुकसान कुठल्याच वहीत येत नाही. ज्या टेम्पोचा विचार मनात आला आणि करामुळे घेतला गेला नाही, तो कुणाच्या आकडेवारीत असेल?

तिसरा प्रश्न: भरतो कोण आणि सोसतो कोण?

कायदा सांगतो कर कुणी भरायचा. तो कुणी सोसायचा हे बाजार ठरवतो.

एक छोटं गणित करू. आकडे आपण गृहीत धरलेले आहेत, पण पद्धत पाहा. आठ लाखांचा टेम्पो, ७ टक्क्यांनी कर ५६,००० रुपये. गाडी दहा वर्षं चालेल आणि व्याज १० टक्के धरलं, तर हा बोजा वर्षाला साधारण ९,१०० रुपये पडतो. वर्षात ३०० दिवस गाडी चालली तर दिवसाला तीस रुपये. जुना वार्षिक कर यातून वजा करायला हवा, सोयीसाठी तो बाजूला ठेवू. आता हा टेम्पो सावनेरकडची संत्री किंवा भाजी रोज दोन टन नागपूरला आणतो असं धरा. तीस रुपये भागिले दोन हजार किलो, म्हणजे किलोमागे दीड पैसा.

दीड पैशाने कोण मरतो? असं म्हणून सरकारचा माणूस मोकळा होतो. आणि ग्राहकावर पडला तर त्याचं म्हणणं खरंही आहे. पण इथेच ओलं इंधन लपलेलं आहे. मालकाला भाडं वाढवून मिळालं, तरच तो दीड पैसा ग्राहकाकडे जाणार. ऐन हंगामात गाड्या कमी आणि माल जास्त असतो, तेव्हा भाडं वाढवता येतं. हंगाम सरला की स्टँडवर गाड्यांची रांग लागते. मालक भाड्याचा शब्द काढायचा अवकाश, मागचा टेम्पोवाला जुन्या दराने तयार असतो. मग सगळे ९,१०० रुपये एकाच घरातून जातात, आणि त्याच घरात गाडीचा हप्ताही असतो.

तोच कर, तीच रक्कम. हजारो ग्राहकांत वाटला तर दिसत नाही, एका चालक-मालकावर पडला तर मुलाच्या फीएवढा होतो. 'करामुळे महागाई वाढेल' आणि 'कराने काही फरक पडणार नाही', ही दोन्ही वाक्यं म्हणून अर्धीच आहेत.

चौथा प्रश्न: पैसा गेला कुठे?

नुसता बोजा मोजणारं प्रतिमानही अपुरंच. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेसाठी जे कर लावले गेले, त्यांत व्यवसाय कर सगळ्यांना आठवतो. मोटार वाहनांवरचा जादा करही त्यांत होता. म्हणजे गाडीवाल्याचा पैसा दुष्काळी गावात मजुरी झाला, बंधारा झाला, रस्ता झाला. त्या रस्त्याचा फायदा वजा न करता गाडीवाल्याचं नुकसान सांगणं बरोबर नव्हे.

उलट बाजूही आहे. एसटीच्या तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर असतो. सरकार सवलतीच्या प्रवासाची भरपाई एसटीला एका हाताने देतं आणि दुसऱ्या हाताने हा कर घेतं. नुसता कर मोजला तर एकच खिसा मोजला.

मग भरवसा कशावर ठेवायचा?

धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा अभ्यास केला, तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. कालव्याखालची गावं आणि पाणी न मिळालेली गावं त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. 'कालवा नसता तर काय झालं असतं', या प्रश्नाचं उत्तर त्यांनी कल्पनेत शोधलं नाही, शेजारच्या गावात शोधलं. स्टॉकहोमने २००६ साली शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर सात महिने प्रायोगिक शुल्क लावलं. वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. लोकांनी ते अनुभवलं आणि मग सार्वमत घेतलं. करांच्या बाबतीत आपल्याकडेही हे होऊ शकतं. आधी मोजा, काही ठिकाणी लावून पाहा, आणि वर्षाने ते आकडे सगळ्यांसमोर ठेवा.

कारण प्रश्न शेवटी ऐकून कुणाचं घेतलं जातं, हा आहे. महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांवरचा ६ टक्के कर मार्च संपायच्या आतच मागे घेतल्याचं मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं. त्यातून फारसा महसूल येणार नाही, हे कारण होतं, आणि ते चुकीचंही नसेल. पण एवढा झटपट फेरविचार टेम्पोच्या वाट्याला आला नाही. ज्याच्याकडून ६२५ कोटी यायचे, त्याच्या बाजूचं गणित निदान तेवढ्याच बारकाईने व्हायला हवं होतं.

तेव्हा पुढच्या अर्थसंकल्पात कराचा आकडा ऐकला की हे चार प्रश्न विचारू. किती वर्षांचा हिशेब? लोकांचं वागणं बदललं तर? सोसणार कोण? पैसा जाणार कुठे? यातला एकाचाही जबाब मिळाला नाही, तर समजायचं, धूर दाखवलाय आणि इंधन लपवलंय.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. टेम्पोचा धंदा करणारे कुणी असतील, तर आमचं दीड पैशाचं गणित त्यांनी आधी तपासावं.