निर्णय न घेणारी बैठक

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघाले की तीसेक किलोमीटरवर मेंढा हे गाव येते. शंभराच्या आतबाहेर घरे, वस्ती गोंडांची, जवळून वाहणारी कठाणी नदी आणि भोवती बांबूचे रान. शेजारच्या लेखा गावाचे नाव जोडून सगळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणारे देशातले पहिले गाव म्हणून त्याची ख्याती आहे. 2009 साली सुमारे 1,809 हेक्टर जंगलावर या गावाचा हक्क शासनाने मान्य केला.

ही बातमी तेव्हा देशभर गाजली. तिच्यामागे वीस वर्षे चाललेली एक बैठक होती, तिची चर्चा मात्र फारशी झाली नाही. ही बैठक निर्णय घेत नसे. निर्णय घेण्याची तिला मुभाच नव्हती. तिचे नाव अभ्यासगट.

एक माणूस, एक ध्यास

अभ्यासगटाची कल्पना रुजवणारे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावातच आई आणि वडील शेजारी बसलेले आहेत. जयप्रकाश नारायण यांच्या छात्र-युवा संघर्ष वाहिनीत ते घडले. पुढे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात त्यांनी 'वृक्षमित्र' ही संस्था उभी केली. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याच सुमारास गोदावरीवरचे इचमपल्ली आणि इंद्रावतीवरचे भोपालपट्टणम या नियोजित धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन पेटले. बाबा आमटे त्याच्या अग्रभागी होते. या आंदोलनातून घडलेल्या तरुणांपैकी एक मेंढ्याचे देवाजी तोफा.

आंदोलन संपले की कार्यकर्ते सहसा पुढच्या आंदोलनाकडे वळतात. मोहनभाऊंना पडलेला प्रश्न निराळा होता. आपले निर्णय आपण, सगळ्यांच्या संमतीने घेणारे एखादे गाव आहे का? आणि असेल, तर ते निर्णय शहाणपणाचे व्हावेत यासाठी काय लागते? या प्रश्नाचा माग काढत 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ते मेंढ्याला पोहोचले. पुढचे आयुष्य त्यांनी माणसांना एकत्र बसून बोलायला आणि ऐकायला शिकवण्यात घालवले. हे काम शिकवणारी पदवी नव्हती आणि त्यासाठी कुठे जागाही निघत नव्हती.

सभा वेगळी, अभ्यास वेगळा

मेंढ्यात बोलण्याच्या दोन जागा आहेत. पहिली ग्रामसभा. तिथे बायका आणि पुरुष दोघेही बसतात आणि निर्णय सर्वसहमतीने होतो. हात वर करून मोजणी नाही, बहुमत नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय थांबतो आणि पुढच्या सभेत पुन्हा येतो. बहुमताने हरलेला माणूस घरी जाऊन निर्णय मोडण्याची वाट पाहतो. ज्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले, तो निर्णय पाळतो. छोट्या गावात, जिथे रोज एकाच पाणवठ्यावर जायचे असते, तिथे हा फरक फार मोठा असतो.

दुसरी जागा अभ्यासगटाची. ज्याला रस असेल त्याने यावे. गावाबाहेरचा जाणकार, अधिकारी, विद्यार्थी कोणीही चालतो. विषय एकच घ्यायचा आणि तो सुटेपर्यंत पुन्हा पुन्हा त्यावर बसायचे. मात्र इथे काहीही ठरवायचे नाही.

सगळी युक्ती या शेवटच्या नियमात आहे. जिथे निर्णय व्हायचा असतो तिथे माणूस आपली बाजू लढवतो, कारण त्याला जिंकायचे असते. निर्णयाचे ओझे उतरले की तोच माणूस मोकळेपणी शंका विचारतो आणि 'मला हे कळले नाही' असे न लाजता म्हणतो. सभेत गप्प राहणाऱ्यालाही इथे तोंड फुटते. अभ्यासात जे समजते ते मग सभेत जाते, आणि तिथला निर्णय कोणा एका हुशार माणसाचा राहत नाही.

जगातले शेजारी

बोलणे शिकवणे हा जगात जुना व्यवसाय आहे. न्यूयॉर्कमध्ये डेल कार्नेगी यांनी 1912 मध्ये भाषणकलेचे वर्ग सुरू केले आणि त्यावर मोठा उद्योग उभा राहिला. आजही आपल्या तालुक्याच्या गावी भिंतीवर दिसणाऱ्या 'संवादकौशल्य' वर्गांच्या जाहिराती त्याच वंशातल्या. तिथे एकट्या माणसाला प्रभावी बोलायला शिकवतात. महाराष्ट्राची स्वतःची परंपरा व्याख्यानाची. पुण्याची वसंत व्याख्यानमाला 1875 पासूनची. तिथे एक बोलतो, शेकडो ऐकतात.

मेंढ्याचे नाते तिसऱ्याच घराण्याशी आहे. स्वीडनमधील लुंड येथे 1902 मध्ये ऑस्कर ओल्सन यांनी अभ्यासमंडळाची पद्धत सुरू केली. कामगार आणि शेतकरी शिक्षकाशिवाय, वर्तुळात बसून शिकत. क्वेकर पंथीयांच्या सभांत तर मतदानाशिवाय निर्णय घेण्याची रीत शतकांपासून आहे. आपल्याकडे विनोबांनी ग्रामदानात, म्हणजे जमिनीची मालकी ग्रामसभेकडे सोपवण्याच्या चळवळीत, सर्वसंमतीचा आग्रह धरला. आणि गोंडांच्या गोटुलात तरुण मुले-मुली एकत्र येत, तिथेही गावात वागण्या-बोलण्याची रीत शिकली जाई. बाहेरचा विचार मेंढ्यात रुजला, त्याचे एक कारण असे की जमीन आधीच तयार होती.

बोलण्यातून काय निघाले

अभ्यासाचा एक विषय होता मध. पोळ्याखाली जाळ करून मध काढला की माश्या मरतात, पोळे संपते आणि पुढच्या वर्षी हात रिकामे. गटाने यावर चर्चा केली, जाणकार बोलावले आणि माश्या न मारता मध काढण्याची पद्धत शिकून घेतली.

दुसरा विषय बांबूचा, आणि तो कसोटीचा होता. इथला बांबू कागद कारखान्याला जात असे, तर कुडाला, टोपलीला लागणाऱ्या बांबूसाठी गावालाच हात पसरावे लागत. 1927 च्या वन कायद्याने बांबूला झाड मानले होते. 2006 च्या कायद्याने त्याची गणना गौण वनोपजात केली. वनस्पतिशास्त्र तर त्याला गवतच म्हणते. एका शब्दाच्या व्याख्येवर गावाची कमाई टांगलेली होती. गोंडी बोलणाऱ्या गावाने सरकारी मराठीतली कलमे समजून घेतली, त्यावर चर्चा केली आणि मग हक्क मागितला. हक्क मिळाल्यावरही वाहतूक परवान्यावरून बांबू अडला. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. 2013 मध्ये गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला. जमिनीसारख्या जिव्हाळ्याच्या विषयावर सगळ्यांचे एकमत होणे, ही त्या पद्धतीची सर्वांत अवघड परीक्षा होती.

आधी ऐका

याच जिल्ह्यात ऐकण्याचे दुसरे नामांकित उदाहरण आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने वसा आणि अमिर्झा या गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष आले. 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. दुखणे होते, ते सांगायला जागा नव्हती. राणीताईंचे 'कानोसा' हे पुस्तक बायकांच्या या बोलण्यातूनच आले. 'तारुण्यभान' शिबिरांत त्या किशोरवयीन मुलामुलींशी शरीर आणि लैंगिकतेबद्दल मोकळेपणी बोलतात. ज्या विषयावर घरात शब्द निघत नाही, त्याला शब्द देणे हेही संवादाचेच शिक्षण.

संवाद शिकवण्याचे काम आयुष्यभर करायचे तर कसे करावे, याचे उत्तर या दोन उदाहरणांतून असे मिळते. विषय हातात घ्यावा तो लोकांच्या पोटाशी जोडलेला: मध, बांबू, बाईचे दुखणे. लोकांची बोली कळेपर्यंत आपली थांबवावी. आणि आपल्यावाचून काम चालेल, अशी घडी बसवावी.

जानेवारी 2025 मध्ये मोहनभाऊ गेले. कुठल्याही शिक्षकाची खरी परीक्षा त्याच्यामागे होते. त्यांनी मेंढ्यात आपला पुतळा उभारला नाही की गादी मागे ठेवली नाही. जे ठेवले ते कुणालाही उचलता येण्याजोगे आहे: गोल बसायचे, एक विषय घ्यायचा, सगळ्यांचे ऐकायचे आणि आज काही ठरवायचे नाही.